विद्यापीठातलं संशोधन : विद्यार्थी आणि शिक्षक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

प्रवेशाच्या दिवसांत आणि पुन्हा ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन संमेलनाच्या तोंडावर आमच्या महाविद्यालयाच्या संशोधन कक्षात प्रश्नांची रीघ लागते. एफ.वाय.च्या मुलांपासून नव्यानं गाईडशिप, म्हणजे पीएचडीचं मार्गदर्शन करण्याची मान्यता, मिळालेल्या शिक्षकांपर्यंत सगळेच विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम मुख्यतः विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे आहेत. त्यावर प्रत्येक विद्यापीठ स्वतःची परिपत्रकं काढतं, त्यामुळे अर्ज भरण्याआधी आपल्या विद्यापीठाचं त्या वर्षीचं परिपत्रक वाचायलाच हवं.

१. संशोधन म्हणजे पीएचडीच ना? मी एस.वाय.ला आहे, मला आत्ता काही करता येईल का?

येईल, आणि आत्ताच सुरुवात करा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात फिल्ड प्रोजेक्ट आला आहे. बहुतेक मुलं तो शेवटच्या आठवड्यात उरकतात, पण नीट केला तर तेच तुमचं पहिलं संशोधन असतं. चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घ्यायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, म्हणजे त्याची तयारी दुसऱ्या वर्षातच सुरू होते. शिवाय आविष्कारमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा गट आहे (प्रश्न ५).

२. मी बी.ए. मराठीची विद्यार्थिनी आहे. संशोधन हे सायन्सवाल्यांचं काम, आम्ही काय करणार?

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो विचारणाऱ्या बहुतेक मुली असतात. याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्यातून काम करत, गावोगावच्या बायकांच्या मदतीनं, जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. कोणत्या गावात, कोणी म्हटली, विषय कोणता, अशा नोंदी ठेवून त्यांचं वर्गीकरण झालं. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीची वाट, बाबासाहेब आंबेडकर, सगळं त्या ओव्यांत आहे. बायका स्वतःच्या आयुष्याबद्दल काय बोलत होत्या, याचा एवढा मोठा पुरावा दुसरीकडे सापडणं कठीण. त्याला प्रयोगशाळा लागली नाही. लागली ती शिस्त : जशी ऐकली तशी लिहिणं, म्हणणारीचं नाव लिहिणं आणि आपल्याला आवडलेल्या तेवढ्याच न निवडणं.

तुमच्या आजीला येणाऱ्या ओव्या, तुमच्या तालुक्यातल्या बोलीत शेतीच्या अवजारांना असलेली नावं, गावच्या जत्रेच्या पन्नास वर्षांच्या हँडबिलांची भाषा, हे सगळे संशोधनाचे विषय आहेत. आविष्कारच्या सहा विभागांमध्ये मानव्यविद्या, भाषा आणि ललित कलांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे तुमची स्पर्धा तुमच्याच विषयांतल्या मुलांशी असते, इंजिनिअरिंगच्या मॉडेलशी नाही.

३. टॉपिक कसा ठरवायचा? सर म्हणतात ‘फार मोठा आहे’, पण छोटा करायचा म्हणजे काय करायचं?

‘ग्रामीण भागातील पाणीप्रश्न : एक अभ्यास’ या नावाचे प्रस्ताव आमच्याकडे सतत येतात. यात गाव कोणतं, प्रश्न कोणता, मोजायचं काय, काहीच नाही. ‘एक अभ्यास’ हे शब्द शीर्षकात आले की समजा, प्रश्न अजून सापडलेला नाही.

आता हाच विषय जवळ आणू. समजा तुमच्या गावात दोन विहिरी आहेत, एक गावठाणात आणि एक उसाच्या रानाला लागून. रानात युरिया पडतो, आणि त्यातून पाण्यात नायट्रेट उतरू शकतं. मग सरळ प्रश्न असा : रानालगतच्या विहिरीत नायट्रेट जास्त आहे का, आणि पावसाळ्यानंतर ते बदलतं का? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तुलनेसाठी आकडा हातात आहे. रसायनशास्त्र विभागातल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ते मोजता येतं. पावसाआधी, पावसानंतर आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला असे नमुने घेतले तर एका शैक्षणिक वर्षात काम होतं.

त्याच गावात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रश्न वेगळा असेल : नळाचं पाणी असूनही किती कुटुंबं जारचं पाणी विकत घेतात, आणि उत्पन्नाचा किती भाग त्यावर जातो? समाजशास्त्राची विद्यार्थिनी विचारेल : पाणी भरायला घरातलं कोण जातं, दिवसाला किती वेळ जातो, आणि दहावीतल्या मुलीचा त्यात वाटा किती? तिघांचा विषय ‘पाणी’च, पण प्रत्येकाला उत्तर मिळू शकतं. विषय छोटा करायचा म्हणजे हेच. ‘कोण, कुठे, कधी, किती’ यांपैकी निदान तीन गोष्टी प्रश्नात आल्या पाहिजेत.

४. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी आहे. लॅब जेमतेम, लायब्ररीत जर्नल नाहीत. अशा ठिकाणी संशोधन कसं होणार?

अडचण खरी आहे, पण वाटतं तेवढे रस्ते बंद नाहीत. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेत जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत. तुमचं महाविद्यालय त्यात बसत नसेल तर ग्रंथपालांना ‘एन-लिस्ट’ या महाविद्यालयांसाठीच्या ई-ग्रंथ आणि ई-नियतकालिकांच्या योजनेबद्दल विचारा. अनेक महाविद्यालयांनी त्याची वर्गणी भरलेली असते आणि मुलांना लॉगिन कधी दिलेलंच नसतं. देशभरातले पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट वाचता येतात. आपल्या विषयावर आधी काय झालं आहे ते तिथे नक्की पाहा.

इतिहासाच्या मुलांसाठी मुंबई आणि पुण्याचे पुराभिलेख, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ ही ठिकाणं आहेत. मोडी शिकून घेतलीत तर इतर मुलं पाहूही शकणार नाहीत अशी कागदपत्रं तुम्हाला वाचता येतील. पाण्यावर काम करणाऱ्यांनी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जावं. उपकरणाचं काम असेल तर विभागप्रमुखांच्या पत्रावर विद्यापीठाच्या विभागात किंवा जवळच्या मोठ्या महाविद्यालयात नमुने तपासून घेता येतात. पत्र घेऊन स्वतः जा, फोनवर ही कामं अडकतात.

५. आविष्कार म्हणजे नेमकं काय? त्यात कोण भाग घेऊ शकतं?

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचं हे आंतरविद्यापीठ संशोधन संमेलन २००६ मध्ये कुलपती कार्यालयाच्या पुढाकारानं सुरू झालं. विभाग सहा आहेत : मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला; वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी; मूलभूत विज्ञान; कृषी आणि पशुसंवर्धन; अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान; वैद्यक आणि औषधनिर्माण. पदवी, पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थी असे वेगवेगळे गट असतात. आधी महाविद्यालय किंवा जिल्हा पातळी, मग विद्यापीठ, मग राज्य. सुरुवातीला पोस्टर, आणि त्यातून निवडलेल्यांचं तोंडी सादरीकरण.

६. पोस्टरवर काय लिहायचं? परीक्षक काय बघतात?

परीक्षकांसमोर ओळीनं पोस्टर असतात आणि प्रत्येकापाशी त्यांना काही मिनिटंच मिळतात. त्यामुळे तुमचा प्रश्न शीर्षकाच्या लगेच खाली, एका वाक्यात, चार-पाच फुटांवरून वाचता येईल एवढ्या अक्षरात हवा. प्रस्तावनेचे तीन परिच्छेद, संस्थेचा इतिहास, मोठा लोगो, खाली ‘धन्यवाद’चा चौकोन, हे सगळं काढा. ती जागा आलेखाला द्या.

आलेखाच्या दोन्ही अक्षांवर काय मोजलं आणि कोणत्या एककात, ते लिहिलेलं असावं. हे नसेल तर पहिला प्रश्न त्यावरच येतो. नमुने किती, कुठले, कधी घेतले, तेही आलेखाशेजारीच हवं. एका कोपऱ्यात मर्यादा लिहा : ‘एकाच गावातले नमुने, एकच पावसाळा.’ मुलांना वाटतं मर्यादा लिहिली की गुण जातील. माझा अनुभव उलटा आहे. जो विद्यार्थी आपल्या कामाच्या मर्यादा स्वतः सांगतो, त्याला काम समजलं आहे हे परीक्षकाला लगेच कळतं.

७. माझा विषय दोन विद्याशाखांत बसतो. आविष्कारला नाव कोणत्या विभागात नोंदवायचं?

विषयाकडे पाहू नका, पद्धतीकडे पाहा. विहिरीच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण केलं असेल तर मूलभूत विज्ञान. पाण्याच्या खर्चाचं सर्वेक्षण केलं असेल तर वाणिज्य किंवा मानव्यविद्या. तुमच्या पद्धतीची बारकाईनं तपासणी करू शकेल असा परीक्षक जिथे भेटेल, तो विभाग तुमचा.

आंतरविद्याशाखीय संशोधनाला घाबरू मात्र नका. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून जवळपास दीड दशक उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी हे पुरातत्त्वज्ञ, पण जळालेले धान्याचे दाणे ओळखायला वनस्पतीचा अभ्यासक लागला, जनावरांची हाडं ओळखायला हाडांचा, आणि घरांच्या जमिनीखालच्या दफनांतली माणसं समजून घ्यायला मानवशास्त्राचा. ताम्रपाषाण काळातला तिथला शेतकरी जव पिकवत होता, हे एकट्या खापरांवरून कळलं नसतं.

पीएचडीला असा विषय घेणार असाल तर दुसऱ्या शाखेतला सहमार्गदर्शक नोंदणीच्या वेळीच मागा. तीन वर्षांनी मागितला तर पुन्हा समितीपुढे जावं लागतं.

८. गूगल फॉर्म पाठवून १०० जणांची माहिती घेतली. चालेल ना?

फॉर्म कोणाला पाठवला, त्यावर आहे. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून मित्रांनी आणि त्यांच्या मित्रांनी भरला असेल, तर ती ‘तरुणांची मतं’ नाहीत, तुमच्या ओळखीतल्या स्मार्टफोनवाल्या तरुणांची आहेत. तेवढंच शीर्षकात लिहा, मग चालेल. ‘ग्रामीण महिलांचं बँक व्यवहारांबद्दलचं मत’ मात्र फॉर्मनं कळणार नाही, कारण ज्यांच्याबद्दल विचारायचं आहे त्यांतल्या अनेकींच्या हातात फोनच नाही. तिथे मतदार यादी किंवा घरांची यादी घेऊन ठरावीक अंतरानं घरं निवडा आणि प्रत्यक्ष जा. चाळीस घरं नीट निवडलेली असतील तर ती चारशे फॉर्मपेक्षा जास्त सांगतात.

९. लोकांच्या मुलाखती घ्यायला, किंवा रानात नमुने घ्यायला परवानगी लागते का?

मुलाखतीसाठी समोरच्याची समजून-उमजून दिलेली संमती लागते, त्याच्या भाषेत. सही येत नसेल तर साक्षीदारासमोर. अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पालकांचीही. आजार, औषधं, रक्ताचे नमुने असं काही असेल तर काम सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी. नंतर मागून मिळत नाही. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव कायद्यानुसार वनविभागाची लेखी परवानगी लागते, फुलपाखरांची नुसती मोजणी असली तरी.

आणि एक कळकळीचं सांगणं. ऊसतोड कामगार, एकट्या राहणाऱ्या बाया, पाड्यावरची कुटुंबं यांच्याकडे मुलाखतीला जाता, तेव्हा त्यांचा कामाचा वेळ घेता. नावं बदला, फोटो विचारून काढा आणि काम झाल्यावर काय सापडलं ते परत जाऊन सांगा.

१०. पीएचडीच्या प्रवेशाला नेट लागते की पेट?

नेट ही देशपातळीवरची परीक्षा, पेट ही विद्यापीठाची स्वतःची पीएचडी प्रवेश परीक्षा. दोन्ही रस्ते आहेत. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन श्रेणी असतात, त्यातली तिसरी फक्त पीएचडी प्रवेशासाठी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत असाल तर नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण एक वर्ष चालतात. विद्यापीठ स्वतःची पेट घेत असेल तर त्यात निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर असतात. मुलं विषयाची तयारी करतात आणि याच निम्म्या भागात मागे पडतात.

पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचं असेल तर ७५ टक्के.

११. पीएचडीला किती वर्षं मिळतात? बाळंतपणात काय?

२०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन, कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन, म्हणजे आठ. महिला आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. तो हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

१२. गाईड मिळत नाही. ज्यांनी हो म्हटलं ते तीन वर्षांत निवृत्त होत आहेत.

प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तुमच्या सरांची तारीख बारकाईनं तपासा, दोन-चार महिन्यांनी फरक पडतो. आधीपासून नोंदलेल्यांचे ते निवृत्तीनंतर सहमार्गदर्शक राहू शकतात.

मोठ्या नावामागे जागा रिकामी होण्याची वाट बघत वर्ष घालवू नका. नव्यानं मान्यता मिळालेल्या सहायक प्राध्यापकाकडे वेळ असतो, आणि पीएचडीत वेळ देणारा गाईड फार महत्त्वाचा.

१३. मी शिक्षक आहे. नोकरी सांभाळून पीएचडी, आणि पुढे गाईडशिप, कशी जमेल?

अर्धवेळ पीएचडी चालते, संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणानं केलेली पीएचडी मान्य नाही, जाहिरातीत काहीही म्हटलेलं असो. मार्गदर्शक होण्यासाठी सहायक प्राध्यापकाला समीक्षित नियतकालिकांत किमान तीन, आणि सहयोगी व प्राध्यापकांना किमान पाच शोधनिबंध लागतात.

१४. फेलोशिप कुठून मिळते?

नेटमधून मिळणारी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, असेल तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपला, ४२,०००. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आहेत. समाजशास्त्रांतल्या शिक्षकांनी प्रकल्पासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे पाहावं. एकाच वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत.

१५. यूजीसी केअर लिस्ट बंद झाली म्हणतात. मग पेपर कुठे छापायचा? आणि पीएचडीला पेपर लागतो का?

केअर यादी, म्हणजे यूजीसीनं मान्य केलेल्या नियतकालिकांची यादी, २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता तुमची आणि संस्थेची आहे. व्हॉट्सअॅपवर ‘तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह’ असा मेसेज आला तर तिथे निबंधाची तपासणी होणारच नाही. आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाची खूण नाही. मागचे चार अंक उघडा, संपादक खरोखर त्या विद्यापीठात आहेत का पाहा, आणि तुम्ही ज्यांचं वाचता ते लोक तिथे लिहितात का, ते बघा.

२०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यासाठी शोधनिबंधाची सक्ती नाही. अपवाद लक्षात ठेवा : ७ नोव्हेंबर २०२२ पूर्वी नोंदणी झालेल्यांना जुने नियम लागू आहेत. २०१६ च्या नियमांखाली असाल तर एक शोधनिबंध आणि दोन परिषदांतली सादरीकरणं लागतात.

१६. प्लॅगरिझम १० टक्क्यांच्या आत आलं म्हणजे झालं ना?

नाही. २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. १० ते ४० ला सहा महिन्यांत दुरुस्ती, ४० ते ६० ला एक वर्ष बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. अवतरणं, संदर्भसूची आणि १४ सलग शब्दांपर्यंतचे योगायोग यातून वगळतात.

पण सॉफ्टवेअर फक्त अक्षरं जुळवतं. इंग्रजी लेखाचा परिच्छेद मराठीत आणून स्वतःच्या नावावर घातला, तर अहवालात दोन टक्केही येत नाहीत. तरी ती चोरीच आहे. मराठी प्रबंधांत हे सर्रास चालतं आणि त्यानं मराठीतल्या संशोधनाची पत जाते. भाषांतर केलंत तर मूळ लेखकाचं नाव द्या, एवढंच करायचं आहे.

१७. चॅटजीपीटीकडून संदर्भ घेतले तर?

ते अस्तित्वातच नसलेली पुस्तकं, लेखक आणि पृष्ठक्रमांक सराईतपणे देतं. मराठी संदर्भांबाबत जास्तच. जे पुस्तक किंवा लेख तुम्ही उघडून पाहिला नाही, तो संदर्भसूचीत घालू नका. भाषा तपासायला वापर केला असेल तर तसं नमूद करा.

१८. पेपरवर गाईडचं नाव घालावंच लागतं का?

प्रश्न ठरवणं, पद्धत, विश्लेषण किंवा लेखन यांत त्यांचा खरा वाटा असेल तर हो. फक्त पद आहे म्हणून नाही. काम सुरू करतानाच बोलून घ्या, पेपर तयार झाल्यावर हा विषय काढणं दोघांनाही जड जातं. ज्यानं उपकरण वापरू दिलं किंवा नमुने आणायला मदत केली, त्याचं नाव आभारात.

१९. आम्ही एक यंत्र बनवलं आहे. आविष्कारला आधी दाखवू की पेटंटचा अर्ज आधी करू?

अर्ज आधी. पेटंटला नवेपणा लागतो, आणि पोस्टर लावलं की माहिती जाहीर झाली. पेटंट कायद्याच्या ३१ व्या कलमात काही प्रदर्शनं आणि विद्वत्सभांसाठी बारा महिन्यांची सूट आहे, पण ती अरुंद आहे. तिच्यावर विसंबू नका. तात्पुरता अर्ज करा, ऑनलाइन शुल्क शैक्षणिक संस्थांना आणि व्यक्तींना १,६०० रुपये, आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. मालकी कोणाची, हे विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा धोरणात लिहिलेलं असतं. सही करण्यापूर्वी ते वाचा.

२०. प्रबंध मराठीत लिहिता येतो का?

भाषा विभागांत अर्थातच, आणि अनेक सामाजिक शास्त्रांतही विद्यापीठं परवानगी देतात. माध्यम कोणतं ते सिनॉप्सिसच्या वेळीच नोंदवा. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, आणि शोधगंगावर चढवलेला असा प्रबंध शोधूनही सापडत नाही. चारशे पानं शेवटच्या महिन्यात रूपांतरित करायची म्हणजे प्रत्येक जोडाक्षर पुन्हा तपासायचं.

२१. वर्षभर काम केलं, पण गृहीतक चुकीचं निघालं. आता काय दाखवू?

तेच दाखवा. प्रश्न ३ मधल्या दोन्ही विहिरींत नायट्रेट सारखंच निघालं, तर ‘फरक आढळला नाही’ हा निष्कर्ष आहे, आणि गावासाठी ती माहिती कामाची आहे. आकडे इकडेतिकडे सरकवून फरक दाखवलात तर त्या आकड्यांवर पुढे कोणीतरी विसंबेल. फक्त एक तपासून घ्या : फरक खरंच नाही, की तुमचे नमुने इतके कमी होते की असलेला फरक दिसलाच नसता? दोन विहिरींच्या जागी दहा घेतल्या असत्या तर काय झालं असतं, हे चर्चेच्या भागात लिहा. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला तिथून सुरुवात करता येईल, त्यामुळे मूळ नोंदवही आणि कच्चे आकडे विभागात जमा करून जा.